पुरात चालणाऱ्या होडीचे वंगण

रायगडाच्या पायथ्याशी, जिथून गडावर जाणारा रोपवे सुटतो, त्या हिरकणीवाडीत होडी नाही आणि तिथे होडीची गरजही पडत नाही. परंतु या वाडीच्या भोवतालच्या डोंगरउतारांवर आषाढात जो पाऊस कोसळतो, तो काळ आणि गांधारी या नद्यांच्या वाटेने खाली उतरून महाड परिसरात सावित्रीला मिळतो, आणि महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री आधीच दुथडी भरून वाहत असताना नेमकी बाणकोटच्या खाडीतून भरती चढत असेल, तर महाडच्या बाजारपेठेत होडीवाचून दुसरे वाहन उरत नाही. अशा होडीच्या मागे लावलेले इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते, आणि टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलात जे तेल मिसळावे लागते ते कोणते असावे, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला, किरकोळ वाटतो. तो तसा नाही, कारण या इंजिनात तेल चुकले तर त्याचा परिणाम हळूहळू न दिसता बरोबर भर प्रवाहात दिसतो.

महाड हे आज डोंगरातले गाव समजले जात असले, तरी त्याची जुनी ओळख बंदराची आहे. सावित्रीच्या खाडीने गलबते दासगावपर्यंत आणि भरतीच्या वेळी लहान होड्या थेट महाडपर्यंत येत असत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून जलमार्गानेच दासगावला उतरले होते. पुढे खाडीत गाळ भरला, रस्ते झाले आणि जलवाहतूक संपली, त्यामुळे आता होडी महाडकरांच्या आयुष्यात येते ती संकटाच्या निमित्ताने. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळून एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने वाहून गेली, तेव्हा कित्येक दिवस फुगलेल्या नदीत होड्यांनी शोध चालू होता. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली त्याच दिवशी महाड शहर पाण्याखाली होते आणि माणसे वरच्या मजल्यांवर अडकून पडली होती. त्यानंतर पावसाळ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी महाडला ठेवली जाऊ लागली. या दलाच्या जवानांच्या तोंडी इंजिनाचे नाव 'ओबीएम' असे असते; ते 'आउटबोर्ड मोटर' या शब्दांचे लघुरूप आहे.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या बाहेर, तिच्या मागच्या फळीवर चापांनी आवळून बसवलेले इंजिन. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली दात्यांची पेटी आणि तिला जोडलेला पंखा, असे हे एकसंध यंत्र दोन-तीन माणसांना उचलून दुसऱ्या होडीला लावता येते. अमेरिकेतील मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड या मूळच्या नॉर्वेजियन यंत्रकाराने १९०९ च्या सुमारास त्याला व्यापारी यश मिळवून दिले, आणि त्यानंतर बराच काळ आउटबोर्ड म्हणजे टू-स्ट्रोक हे समीकरणच झाले. आज बहुतेक श्रीमंत देशांत प्रदूषणाच्या नियमांमुळे फोर-स्ट्रोक आउटबोर्डांनी त्याची जागा घेतली आहे. तरीही बचावकार्यात जुने टू-स्ट्रोक टिकून राहिले याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनात दोन्ही प्रकारांच्या वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक पडतो, टू-स्ट्रोकच्या पोटात तेलाचा साठा नसल्यामुळे ते टेम्पोत कसेही आडवे टाकले तरी तेल सांडून सिलिंडरमध्ये शिरत नाही, आणि बिघडले तर पाना, प्लग आणि थोडी अक्कल एवढ्यावर ते पुन्हा चालू करता येते.

पोटात तेलाचा साठा नसणे हीच या इंजिनाची सोय आहे आणि हेच त्याचे दुखणे आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे आजच्या मोटारसायकलीत किंवा कोकणातल्या मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनात, खाली तेल भरलेले असते. पंप ते तेल सर्व हलत्या भागांना पोचवतो आणि तेच तेल पुन्हा खाली येते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे ज्या बंद पेटीत मुख्य दांडा फिरतो तिच्यात ओढले जाते आणि तिथून पिस्टनच्या खालच्या दाबाने वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते, त्यामुळे या पेटीत तेल साठवून ठेवण्याची सोयच राहत नाही. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळतात: पेट्रोल उडून जाताना तेलाचा बारीक थर बेअरिंगांवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर बसतो, आपले काम करतो आणि मग पेट्रोलाबरोबर जळून धुराड्यातून बाहेर पडतो. प्रत्येक थेंब एकदाच वापरला जातो. याचा अर्थ असा, की टू-स्ट्रोकच्या तेलाला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. त्याने धातूला चिकटून राहून झीज थांबवली पाहिजे, आणि नंतर मागे काही न ठेवता नीट जळूनही गेले पाहिजे. तेलांमधला खरा फरक या दुसऱ्या कामात आहे.

जळल्यावर मागे काय उरते, हे तेलात मिसळलेल्या द्रव्यांवर अवलंबून असते. पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत काजळी साचून रिंगा अडकू नयेत म्हणून तेलात स्वच्छता राखणारी द्रव्ये घालतात. त्यांपैकी कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगे उच्च तापमानात फार चांगले काम करतात, म्हणूनच ती हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या तेलात असतात: एके काळच्या स्कूटरी आणि आर-एक्स-शंभरसारख्या मोटारसायकली, आज महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत गवत कापण्यासाठी वापरतात ती पाठीवरची यंत्रे, लाकूड कापण्याच्या करवती, फवारणीचे पंप. या इंजिनांचे सिलिंडर शंभर अंश सेल्सियसच्या बरेच वर तापतात. आउटबोर्ड मात्र ज्या पाण्यात चालते तेच पाणी रबरी पात्यांच्या छोट्या पंपाने वर ओढून सिलिंडरभोवती खेळवते, त्यामुळे त्याच्या सिलिंडरभोवतालचे पाणी साधारण पन्नास-साठ अंशांवरच राहते आणि इंजिन तुलनेने थंड चालते. अशा थंड इंजिनात धातूयुक्त द्रव्ये पूर्ण नाहीशी होत नाहीत, त्यांची राख पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगच्या टोकाशी बसते. ही राख प्लगच्या फटीत पूल बांधते, तेव्हा ठिणगी पडत नाही. ती पिस्टनवर लाल होऊन धगधगत राहिली, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि कधी पिस्टनला भोकही पडते. म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी राखरहित तेल लागते, ज्यात धातूऐवजी नायट्रोजनयुक्त सेंद्रिय द्रव्ये हेच काम करतात.

दुकानात हा फरक ओळखायचा तो बाटलीच्या मागच्या बाजूला छापलेल्या अक्षरांवरून, आणि इथे एक जुना गोंधळ आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणात 'एपीआय टीसी' ही श्रेणी हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठी आहे, तर अमेरिकेच्याच नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन या नौका-उद्योगाच्या संघटनेचे मानक 'टीसी-डब्ल्यू-३' या नावाचे आहे, ज्यातला डब्ल्यू पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची खूण सांगतो. पहिली दोन अक्षरे सारखी, जात मात्र वेगळी. भारतीय बाटल्यांवर त्याच्या शेजारी जपानी मानकांची 'जॅसो एफबी', 'एफसी', 'एफडी' किंवा आंतरराष्ट्रीय मानकांची 'ईजीबी', 'ईजीसी', 'ईजीडी' ही अक्षरेही आढळतात. एफसी म्हणजे कमी धुराचे आणि एफडी म्हणजे त्याहून अधिक स्वच्छता राखणारे तेल, पण ही दोन्ही प्रामुख्याने जमिनीवरच्या, गरम इंजिनांसाठी मोजलेली आहेत. महाग एफडी तेल हे स्वस्त टीसी-डब्ल्यू-३ पेक्षा होडीसाठी अधिक चांगले असेल, ही सर्वसाधारण समजूत त्यामुळे चुकीची ठरते. टीसी-डब्ल्यू-३ चा शिक्का मिळण्यासाठी तेलाला प्रत्यक्ष आउटबोर्ड इंजिनांवर अनेक तास चालवून रिंगांचे चिकटणे, प्लगचे बिघडणे आणि गंज या कसोट्यांतून जावे लागते. कडाक्याच्या थंडीत ते पेट्रोलात मिसळते की नाही, हीसुद्धा त्यांपैकी एक कसोटी आहे. तिचा लाभ महाडला कधी होणार नाही, पण तिच्यामुळे तेल पटकन मिसळते हा फायदा इथेही पदरात पडतो.

तेलाच्या रंगाला मात्र काही अर्थ नाही. निळे, हिरवे, लाल हे रंग कारखान्यात घातलेले असतात आणि त्यांचा उपयोग एवढाच, की डब्यातल्या पेट्रोलात तेल मिसळले आहे की नाही हे डोळ्यांनी कळावे. तसेच 'सिंथेटिक' हा शब्दही एकट्याने काही ठरवत नाही. तो पायाभूत तेलाबद्दल बोलतो, राखेबद्दल बोलत नाही.

ज्या चुका प्रत्यक्षात होतात त्या सवयीतून होतात. कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक यांत्रिक मच्छीमार नौका डिझेलवर चालतात, आणि त्यांच्या मालकांना व मिस्त्रींना पंधरा-डब्ल्यू-चाळीस किंवा वीस-डब्ल्यू-चाळीस हे इंजिन ऑइल पाठ असते. त्यामुळे 'ऑइल ते ऑइल' म्हणून तेच पेट्रोलात ओतले जाण्याचा धोका असतो. हे तेल जळण्यासाठी बनवलेलेच नाही. त्यात झीज रोखण्यासाठी जस्ताची आणि आम्लता मारण्यासाठी कॅल्शियमची द्रव्ये भरपूर असतात, ते पेट्रोलात नीट विरघळत नाही, आणि थोड्याच तासांत प्लग शॉर्ट करून इंजिन बंद पाडते. दुसरी गल्लत खालच्या दात्यांच्या पेटीबाबत होते: पंख्याजवळच्या या पेटीत गिअर ऑइल, सहसा नव्वद क्रमांकाचे, वेगळे भरावे लागते आणि त्याचा टू-स्ट्रोकच्या तेलाशी काही संबंध नाही. हे गिअर ऑइल काढल्यावर दुधासारखे पांढरट दिसले, तर सील फाटून पेटीत पाणी शिरले आहे असे समजावे. तिसरी चूक उलट दिशेची आहे. होडीचे उरलेले टीसी-डब्ल्यू-३ गवत कापण्याच्या यंत्रात संपवले जाते, आणि त्या गरम इंजिनात धातूयुक्त द्रव्यांच्या अभावी रिंगांपाशी काजळी धरते. अडचणीच्या वेळी, माणसे छपरावर असताना, एका दिवसासाठी चांगले एफसी तेल योग्य प्रमाणात मिसळून होडी चालवली तर इंजिन लगेच मरत नाही, आणि तेलाशिवायच्या पेट्रोलापेक्षा ते हजार पटींनी बरे. पण नंतर प्लग काढून साफ करणे आणि पुढच्या डब्यात योग्य तेल घालणे एवढे करावेच लागते.

योग्य तेल मिळाल्यावर प्रश्न उरतो प्रमाणाचा. बहुतेक आधुनिक टू-स्ट्रोक आउटबोर्डांना पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर तेल सांगितलेले असते. आउटबोर्डासोबत येणारी टाकी सामान्यतः २४ लिटरांची असते, तिला त्यामुळे ४८० मिलिलिटर लागते. नव्या किंवा नुकत्याच रिंगा बदललेल्या इंजिनाला पहिल्या दहाएक तासांसाठी दुप्पट, म्हणजे २४ लिटरांस ९६० मिलिलिटर तेल द्यावे असे उत्पादक सांगतात, कारण नवे धातू एकमेकांत बसेपर्यंत घर्षण जास्त असते. काही जुन्या इंजिनांना कायमच पंचवीसास एक हे प्रमाण लागते, तर काहींत तेलाची वेगळी टाकी असून पंप स्वतःच वेगानुसार तेल सोडतो. म्हणून इंजिनावरचे किंवा पुस्तिकेतले प्रमाण शेवटचे मानावे. पूर्ण वेगाने चालवल्यास चाळीस अश्वशक्तीचे इंजिन तासाला पंधरा-वीस लिटर पेट्रोल पिते, तेव्हा टाकी जेमतेम सव्वा-दीड तास पुरते आणि पुराच्या दिवशी मिश्रण वारंवार, घाईत, अंधारात करावे लागते. अशा वेळी 'एक झाकण टाका' असा अंदाज चालत नाही. आधीच मोजून ठेवलेल्या ४८० मिलिलिटरच्या बाटल्या तयार असणे हाच खात्रीचा उपाय आहे.

मिसळण्याची रीतही महत्त्वाची आहे. तेल पेट्रोलापेक्षा जड असते, त्यामुळे भरल्या टाकीत वरून ओतलेले तेल तळाशी जाऊन बसते आणि पेट्रोल उचलणारी नळी तळातूनच ओढत असल्यामुळे इंजिनाला आधी नुसते तेल आणि नंतर जवळजवळ नुसते पेट्रोल मिळते. म्हणून टाकीत आधी चार-पाच लिटर पेट्रोल घ्यावे, त्यात सगळे तेल ओतावे, झाकण लावून नीट हलवावे आणि मग उरलेले पेट्रोल भरावे; ते पडताना बाकीचे मिश्रण आपोआप होते. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता, ही कल्पनाही खरी नाही. जास्त तेलाने धूर होतो आणि प्लग तेलकट होतो हे सर्वांना दिसते, पण तेवढ्याच जागेत पेट्रोल कमी बसल्यामुळे हवा-पेट्रोलाचे मिश्रण पातळ होऊन इंजिन उलट अधिक तापते, हे सहसा लक्षात येत नाही.

महाडच्या संदर्भात यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. समुद्रकिनाऱ्यावरची होडी रोज चालते. पुरासाठी ठेवलेली होडी दहा महिने शेडमध्ये पडून असते आणि मग एका दिवसात तिच्याकडून वर्षाचे काम घेतले जाते. कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेले मिश्रण या काळात वाळते: पेट्रोल उडून जाते, तेल मागे उरते आणि ते जेट नावाच्या केसाएवढ्या छिद्रात डिंकासारखे बसते, त्यामुळे जुलैत दोरी कितीही ओढली तरी इंजिन खोकते आणि बंद पडते. त्यात भर इथेनॉलची. भारतात आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतला दमटपणा शोषून घेते. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धवट भरलेल्या, सैल झाकणाच्या डब्यात पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन पेट्रोलापासून फुटून तळाशी बसतात. तेल वरच्या पेट्रोलातच राहते. इंजिन तळातून ओढते ते पाणी-इथेनॉलचे द्रावण, ज्यात वंगणाचा अंशही नसतो. म्हणजे बाटलीवर टीसी-डब्ल्यू-३ छापलेले असूनही बेअरिंगे कोरडी फिरतात. या प्रकाराची शंका आल्यास डब्याच्या तळातले थोडे मिश्रण काचेच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवावे. सकाळी दोन थर दिसले, तर तो डबा इंजिनाच्या कामाचा राहिलेला नाही. तयार मिश्रण एक-दोन महिन्यांहून अधिक ठेवू नये असा जो नियम जाणकार पाळतात, त्यामागे हीच कारणे आहेत. काम संपल्यावर इंजिन बाजूला ठेवण्याआधी पेट्रोलाची नळी काढून ते वाटीतले मिश्रण संपेपर्यंत चालू ठेवले, तर जेट मोकळे राहते. असे करताना इंजिनाचा खालचा भाग पाण्यात बुडालेला हवा, कारण पाण्याशिवाय थंड करणारा पंप मिनिटभरातच जळतो.

पाण्याची ही गोष्ट तेलाइतकीच मूळ आहे. चालत्या आउटबोर्डाच्या मागे एका छिद्रातून पाण्याची बारीक धार पडत असते, ती पंप चालू असल्याची खूण होय. पुराच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या, पेंढा आणि लाल गाळ असतो, त्याने खालची जाळी बुजली की ही धार आधी बारीक होते, मग थांबते. धार थांबल्यावर कोणतेही तेल इंजिनाला वाचवू शकत नाही. इंजिन बंद करून जाळी साफ करणे एवढाच मार्ग असतो. याउलट तेल बरोबर आहे की नाही, हे प्लग सांगतो. नीट चाललेल्या इंजिनाचा प्लग बिस्किटी तपकिरी रंगाचा दिसतो, काळा आणि ओला असेल तर तेल जास्त किंवा जुने, पांढरट आणि कोरडा असेल तर तेल-पेट्रोल कमी पडले असावे किंवा इंजिन तापले असावे, आणि टोकाशी राखाडी खरबरीत पापुद्रा जमला असेल तर बहुधा जमिनीवरच्या इंजिनाचे तेल वापरले गेलेले आहे. प्लग काढून बघायला दोन मिनिटे लागतात.

या इंजिनांचा एक दोष लपवण्यासारखा नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच धुराड्यातून निघून जातो, आणि आउटबोर्डाचा धूर पंख्याच्या मधून पाण्याखालीच सोडलेला असल्यामुळे ते तेल थेट नदीत मिसळते. टीसी-डब्ल्यू-३ हा शिक्का तेल निसर्गात विघटित होते याची हमी देत नाही. तशी वेगळी तेले मिळतात, ती महाग असतात. रोजच्या प्रवासी होडीसाठी म्हणूनच फोर-स्ट्रोक हाच आता योग्य पर्याय आहे, आणि वर्षातून चार दिवस चालणाऱ्या बचावाच्या होडीसाठी टू-स्ट्रोक अजूनही समर्थनीय आहे.

ज्या ग्रामपंचायती, मंडळे आणि बचाव पथके होडी बाळगतात, त्यांनी मृग लागण्याआधी तिचे इंजिन पिंपातल्या पाण्यात बुडवून, ताज्या मिश्रणावर पंधरा मिनिटे चालवून पाहावे, आणि मिश्रणाच्या प्रत्येक डब्यावर तारीख व प्रमाण रंगाने लिहावे. ज्या डब्यावर तारीख नाही, तो गेल्या वर्षीचा समजावा आणि होडीत चढवू नये.